नाशिककरांसाठी माहिती अधिकार: महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीकडचे कागद कसे मिळवायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिक रोड आणि सिन्नर-निफाडकडच्या गावांतून लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल असं लिहिलं आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. माहितीचा अधिकार म्हणजे नक्की काय मागता येतं?

सरकारी कार्यालयाच्या ताब्यात असलेला कागद. त्याची प्रत, प्रमाणित प्रत, संगणकात असेल तर सीडी, मूळ फाईल समोर बसून पाहणं, टिपणं काढणं, इतकंच काय, वापरलेल्या साहित्याचा नमुना घेणंसुद्धा कायद्यात बसतं. माहितीचा अधिकार अधिनियम 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा 2002 चा कायदा होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांचं आंदोलन होतं. म्हणजे हा हक्क आपल्याकडे आयता आलेला नाही.

कागदावर नसलेलं मत, स्पष्टीकरण किंवा भविष्यातलं आश्वासन मात्र या कायद्याने मिळत नाही. बहुतेक अर्ज इथेच अडकतात. त्याबद्दल प्रश्न 6 मध्ये सविस्तर.

2. मी महापालिकेचा करदाता नाही, भाड्याने राहतो. मला अर्ज करता येईल का? कारण विचारलं तर?

भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. घरपट्टीची पावती, मतदार यादीतलं नाव, वॉर्डातला रहिवास यांतलं काहीच लागत नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचीही गरज नाही. कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. संपर्कासाठी नाव-पत्ता पुरेसा आहे. खिडकीवर कोणी कारण विचारलं तर वाद घालू नका, कलमाचा आकडा सांगा आणि पोच घ्या.

अर्ज संस्थेच्या किंवा मित्रमंडळाच्या नावाने करू नका. हक्क नागरिकाला आहे, म्हणून अध्यक्षांनी किंवा सचिवांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करावा.

3. अर्ज कुठल्या ऑफिसात द्यायचा तेच कळत नाही.

काम कोणी केलं आणि पैसा कोणाच्या तिजोरीतून गेला, हे आधी शोधा. शहरातले कॉलनी रस्ते, पाणी, ड्रेनेज, घंटागाडी, उद्यानं, बांधकाम परवानगी हे सगळं महापालिकेकडे. मुख्यालय शरणपूर रोडवर राजीव गांधी भवनात आहे आणि नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सिडको, सातपूर अशी सहा विभागीय कार्यालयं आहेत. अतिक्रमण, घरपट्टी, सफाई अशा रोजच्या गोष्टींचे कागद बहुधा विभागीय कार्यालयात असतात, तर मोठ्या निविदा आणि नगररचनेचे मुख्यालयात.

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलाबद्दल महापालिकेला विचारून उपयोग नाही, ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं काम. विजेचा खांब महावितरणचा. ग्रामीण भागातल्या शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, सातबारा आणि फेरफार महसूल खात्याचे.

कार्यालय चुकलं तरी अर्ज फुकट जात नाही. कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. "आमच्याकडे नाही, तिकडे जा" असं तोंडी सांगून अर्ज परत करणं कायद्यात बसत नाही.

4. अर्जाचा नमुना कुठला? फी किती? स्टॅम्प पेपर लागतो का?

राज्याच्या नियमांत जोडपत्र 'अ' आहे. कोऱ्या कागदावर हाताने लिहिलंत तरी चालतं: माहितीचा विषय, कालावधी, तपशील, माहिती टपालाने हवी की हाती, आणि दारिद्र्यरेषेखालील आहात का.

फी 10 रुपये. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावणं सगळ्यात सोपं, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात मिळतं. रोख भरली तर पावती घ्या. स्टॅम्प पेपर, नोटरी, प्रतिज्ञापत्र यांतलं काही लागत नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की फी माफ.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. पुढच्या सगळ्या मुदती त्या शिक्क्यावरून मोजायच्या आहेत. टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. जुनं रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर तुमचं कार्यालय यादीत दिसत असेल तर तिथूनही अर्ज करता येतो. दिसत नसेल तर जवळपासच्या नावाचं दुसरं खातं निवडू नका, कागदी अर्ज द्या.

लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेण्यास मदत करणं ही जन माहिती अधिकाऱ्याची (म्हणजे कार्यालयात असे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याची) जबाबदारी आहे.

5. "अर्ज 150 शब्दांपेक्षा मोठा आहे" म्हणून परत आला. बरोबर आहे का?

महाराष्ट्राने 2012 मध्ये नियमात दुरुस्ती केली: एका अर्जात एकच विषय आणि शब्द साधारणपणे 150 च्या आत. 'साधारणपणे' हा शब्द नियमातच आहे, त्यामुळे 160 शब्द झाले म्हणून अर्ज फेकून देता येत नाही. पण रस्ता, पथदीप आणि उद्यान एकाच अर्जात कोंबलेत तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीचं नाकारलं जाऊ शकतं. विषय तीन असतील तर अर्ज तीन करा. दहा-दहा रुपयांचाच प्रश्न आहे आणि वेगळी उत्तरं अपिलात सांभाळायलाही सोपी जातात.

6. "आमचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला?" असं विचारलं, तर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं. आता काय?

हा प्रश्न रास्त आहे, पण या कायद्याच्या भाषेत बसत नाही. 'का' याचं उत्तर कुठल्या कागदावर लिहिलेलं नसेल तर अधिकाऱ्याने ते नव्याने तयार करून देणं बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणून 'का' सोडा आणि कागदाचं नाव घेऊन मागा. हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

रस्त्यासाठी मजकूर साधारण असा करा:

"विषय: अमुक चौक ते तमुक चौक रस्त्याचं डांबरीकरण. कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025. तपशील: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पानं, अंतिम देयक, गुणवत्ता चाचणी अहवाल आणि करारनाम्यातील दोष दायित्व कालावधी नमूद असलेलं पान यांच्या प्रमाणित प्रती."

आता हे कागद काय बोलतात ते पाहा. अंदाजपत्रकात ठरलेली जाडी असते. कार्यारंभ आदेशात काम सुरू आणि पूर्ण करण्याची मुदत. मोजमाप पुस्तकात अभियंत्याने जागेवर घेतलेली मापं: लांबी, रुंदी, जाडी, त्यापुढे परिमाण, खाली सही आणि तारीख. त्या मापांवरच बिल निघतं. पुस्तकात रुंदी सात मीटर आणि तुमच्या टेपने ती साडेपाच भरत असेल, तर तुमचा 'का' तिथेच सुटतो. दोष दायित्व कालावधी संपायचा असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. ते पान हातात घेऊन विभागीय कार्यालयात गेलात तर बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं.

कागदाचं नाव माहीत नसेल तर "या कामाची संपूर्ण नस्ती (फाईल) पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यावी" एवढंच लिहा. पुढचं प्रश्न 7 मध्ये.

7. फाईल प्रत्यक्ष बघता येते का? की फक्त झेरॉक्स मिळते?

बघता येते, आणि माझा आग्रह असतो की आधी बघाच. पाचशे पानांची झेरॉक्स घेऊन त्यातली वीस कामाची निघण्यापेक्षा तासभर बसून ती वीस निवडणं चांगलं. पहिला तास मोफत, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना 5 रुपये.

शिवाय सामान्य प्रशासन विभागाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि महापालिकांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. ही पद्धत आधी पुणे महापालिकेत रुजली आणि मग राज्यभर आली. नाशिकमध्ये फार कमी लोक तिचा वापर करतात, याचं मला वाईट वाटतं. जाण्यापूर्वी त्या खात्यात विषय सांगून ठेवा, म्हणजे फाईल काढून ठेवलेली असते.

नस्ती उघडल्यावर एका बाजूला टिपणी आणि दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार लावलेला असतो. घाईत लोक पत्रव्यवहार चाळतात आणि टिपणी सोडून देतात. खरा निर्णय टिपणीत असतो: कोणत्या लिपिकाने काय मांडलं, कोणी हरकत घेतली, ती हरकत कोणत्या सहीने बाजूला पडली. पानांवर क्रमांक आहेत का तेही बघा. हवी ती पानं क्रमांकासह लिहून घ्या आणि तेवढ्यांच्याच प्रती मागा.

8. उत्तर किती दिवसांत यायला हवं?

30 दिवसांत. सहायक जन माहिती अधिकाऱ्यामार्फत अर्ज गेला असेल तर त्यात 5 दिवस वाढतात. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास, पण हे कलम खरोखर तशी वेळ असेल तेव्हाच वापरा. दुसऱ्या कोणाची माहिती गुंतली असेल आणि त्याचं म्हणणं ऐकायचं असेल तर 40 दिवस (प्रश्न 14). मुदत गेली आणि काहीच आलं नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तो नकारच, आणि तिथून अपिलाचा रस्ता खुला होतो.

9. 1,140 रुपये भरा असं पत्र आलं. एवढे पैसे घेता येतात?

पानाला 2 रुपये हा दर आहे. म्हणजे 570 पानं. पत्रात पानांची संख्या आणि हिशोब लिहिलेला असायला हवा. नुसती रक्कम लिहिली असेल तर हिशोब मागा. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून उशीर करू नका. टपालखर्च वेगळा लागतो.

मुदत उलटून गेल्यावर असं पत्र आलं तर कलम 7(6) दाखवा: तेव्हा माहिती मोफत द्यावी लागते.

10. अर्ज न करताच काय काय मिळतं?

बरंच. कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी आपणहून जाहीर करायच्या आहेत: अधिकाऱ्यांची नावं, अधिकार, मासिक वेतन, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी, दिलेले परवाने. नव्या इमारतीचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पानुसार असतात. निविदा महाटेंडर्सवर, ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर, डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत. उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक यंत्रणाच प्रसिद्ध करते. आधी हे पाहा. उरलेल्यासाठी अर्ज.

11. जन्मदाखला महिनाभर मिळत नाही. माहिती अधिकार लावू का?

दाखला ही सेवा आहे, माहिती नाही. त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत आहे, ती चुकली की अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. माहिती अधिकारात फार तर "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणी, कोणत्या तारखेला काय कार्यवाही केली" याच्या नोंदी मागा. कधी कधी एवढ्याने अडलेला दाखला निघतोही.

12. ग्रामपंचायतीत अर्ज दिला तर ग्रामसेवक घेतच नाहीत. गावात रोज तोंड बघायचं असतं...

गावात अर्ज करणं शहरापेक्षा अवघड आहे, हे मान्य. अर्ज नाकारला तर तिथे थांबू नका, स्पीड पोस्टाने पाठवा. नाकारलेलं पाकीट परत आलं तरी फोडू नका, त्यावरचा शेरा हा पुरावा आहे. पहिलं अपील तालुक्याच्या पंचायत समितीत जातं.

मागायचं काय? ग्रामसभेच्या आणि मासिक सभेच्या इतिवृत्ताच्या प्रती, वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या कामांची यादी, रोकड वही आणि प्रमाणकं (व्हाउचर). "झालं" म्हणून दाखवलेली गटार जागेवर आहे का, हे गावकऱ्याइतकं लवकर कोणालाच कळत नाही. एकटं वाटत असेल तर चार-पाच जणांनी वेगवेगळ्या विषयांवर अर्ज करावेत, म्हणजे एकावर रोख राहत नाही. ग्रामसभेतही हेच कागद वाचून दाखवायची मागणी करता येते.

13. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं. अपील कसं करायचं?

उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे (ग्रामपंचायतीसाठी प्रश्न 12), जोडपत्र 'ब' मध्ये, 20 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. कोणत्या मुद्द्याचं उत्तर मिळालं नाही ते क्रमवार लिहा. अपिलात नवी माहिती मागू नका. निर्णय 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. सुनावणीला जा. कागद का देता येत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही.

तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, जोडपत्र 'क', पुन्हा 20 रुपये. आयोगाचं खंडपीठ नाशिकमध्येच आहे, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. सुनावणीला मात्र बराच काळ लागतो. म्हणून पहिलं अपील मन लावून लिहा.

कलम 18 ची तक्रार आणि कलम 19 चं अपील यांत लोक गल्लत करतात. तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्या असा आदेश त्यातून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं. कागद हवा असेल तर अपीलच करा. दंड दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो.

14. "त्रयस्थ पक्षाची हरकत आहे" म्हणून ठेकेदाराचं बिल नाकारलं.

ठेकेदाराला विचारणं कलम 11 प्रमाणे योग्य आहे, पण त्याची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. निर्णय अधिकाऱ्याने स्वतः, कारणं देऊन घ्यायचा असतो. सार्वजनिक पैशातून दिलेलं बिल हे व्यापारी गुपित कसं, हा प्रश्न अपिलात विचारा. फाईलमध्ये काही भाग खरोखर गोपनीय असेल तर कलम 10 प्रमाणे तेवढा झाकून बाकीचं द्यावं लागतं.

"चौकशी चालू आहे" या कारणालाही हेच लागू. कागद दिल्याने चौकशीला अडथळा कसा येईल, हे त्यांनी दाखवायचं आहे.

15. आजकाल सगळीकडे "व्यक्तिगत माहिती" म्हणून नकार येतो. नियम बदलला का?

हो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 मुळे कलम 8(1)(ञ), म्हणजे व्यक्तिगत माहितीचं कलम, बदललं आणि हा बदल नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला. आधी त्या कलमातच सार्वजनिक हिताची चाळणी होती. आता 'व्यक्तिगत माहिती' एवढाच शब्दप्रयोग उरला आहे. मला हा बदल घातक वाटतो, कारण घरकुलाच्या यादीपासून हजेरीपटापर्यंत कशालाही हे लेबल लावता येतं.

तरी दारं बंद नाहीत. कलम 8(2) कायम आहे: सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. म्हणून अशा अर्जात, एरवी गरज नसली तरी, सार्वजनिक हित काय आहे ते दोन ओळींत लिहा. दुसरं, लाभार्थ्यांचा तपशील आणि कर्मचाऱ्यांचं वेतन कलम 4 खाली आधीच जाहीर करायचं आहे (प्रश्न 10), तेव्हा त्या कलमाचा हवाला द्या. तिसरं, आधार क्रमांक, बँक खातं, फोन नंबर वगळून माहिती द्यावी असं स्वतःच लिहा. ते आपल्याला नकोच असतं.

16. "फाईल सापडत नाही" असं लेखी उत्तर आलं.

ही कायद्यातली सूट नाही. अपिलात तीन गोष्टी मागा: शोध घेतल्याचा अहवाल, फाईल शेवटी कोणाच्या ताब्यात होती याची नोंद आणि जबाबदारी निश्चित करून पुढची कारवाई. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 नुसार अभिलेख जपणं हे कर्तव्य आहे आणि ते न जपणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. फाईल एका टेबलावरून नाहीशी झाली तरी तिच्या खुणा आवक-जावक नोंदवहीत, लेखा विभागात आणि लेखापरीक्षणात राहतात. तिथे वेगळे अर्ज करा. "फाईल गहाळ" म्हटल्यावर लेखा विभागातून देयकाची प्रत निघाली, की हरवलेली फाईलही बऱ्याचदा सापडते.

17. देवळाली कॅम्पात राहतो. महापालिकेचेच नियम लागू होतात का?

नाही. देवळाली कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाखाली येतं. नाशिक रोडची नोट प्रेस, रेल्वे, ओझरचा एचएएल कारखाना हेही केंद्राचेच. तिथे राज्याचं कोर्ट फी तिकीट चालत नाही. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा. मर्यादा 500 शब्दांची, पहिल्या अपिलाला फी नाही आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

18. स्मार्ट सिटी कंपनी, सिटीलिंक बस, आमची हौसिंग सोसायटी, यांना विचारता येतं का?

स्मार्ट सिटी आणि सिटीलिंक चालवणारं महामंडळ या नावाने कंपन्या असल्या तरी सार्वजनिक पैशावर आणि सरकारी नियंत्रणाखाली आहेत. म्हणून हो. बस चालवणारा खासगी ठेकेदार थेट कायद्यात येत नाही, पण त्याच्याशी झालेला करार, दंड आणि देयकं महामंडळाकडून मिळतात.

सोसायटी वेगळी. सहकारी संस्था आपोआप या कायद्यात येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ठरवलं. पण सोसायटीने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे सादर केलेले आणि त्यांना कायद्याने मागवता येणारे कागद उपनिबंधक कार्यालयातून मागता येतात. सभासदाला सहकार कायद्याखाली सोसायटीतच कागद पाहण्याचा हक्क आहे, तो आधी वापरा.

19. सिंहस्थाच्या कामांची माहिती एका ठिकाणी का मिळत नाही?

कारण कामं महापालिका, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, त्र्यंबक नगर परिषद आणि कुंभमेळा प्राधिकरण अशी विभागलेली आहेत. आधी मंजूर आराखड्यातली कामांची यादी मागा: कामाचं नाव, अंमलबजावणी यंत्रणा, मंजूर रक्कम. मग एकेका कामासाठी त्या यंत्रणेकडे प्रश्न 6 प्रमाणे अर्ज करा. झाडांचा विषय असेल तर वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकीचं इतिवृत्त, झाडनिहाय पंचनामा, नागरिकांच्या हरकती आणि त्यांवरचा निर्णय मागा. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर बराच काळ प्रशासक होते. त्या काळातले निर्णय महासभेच्या इतिवृत्तात नव्हे, तर प्रशासकांच्या ठरावांत शोधावे लागतात.

कामं चालू असतानाच मागा. रस्त्यावर डांबर पडण्याआधी खडीचा थर बघता येतो, नंतर फक्त अहवाल उरतो.

20. अर्ज केल्यावर ठेकेदाराचा फोन आला. भीती वाटते.

अर्जदाराचं नाव बाहेर गेलं कसं, याची लेखी तक्रार खातेप्रमुखांकडे करा. धमकी असेल तर पोलिस ठाण्यात जा. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर टपाल खात्याचा पोस्ट बॉक्स क्रमांक देता येतो, कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्याला मान्यता दिली आहे. एकाच माहितीसाठी आणखी दोघा-तिघांनी अर्ज केले तर धमकी देण्यात काही अर्थ उरत नाही. आणि मिळालेले कागद स्वतःजवळ दाबून ठेवू नका: त्याच दिवशी त्यांच्या प्रती वॉर्डातल्या चार विश्वासू माणसांकडे द्या.